१:४८ प्रमाणातील टायटॅनिक: बांधणी आणि मांडणीच्या नोंदी

९ जानेवारी २०२२

प्रतिकृतीचे प्रमाण आज पक्के केले: १:४८. टायटॅनिकची एकूण लांबी ८८२ फूट ९ इंच, म्हणजे २६९.१ मीटर, रुंदी ९२ फूट ६ इंच, आणि तळाच्या कण्यापासून धुरांड्यांच्या टोकापर्यंतची उंची १७५ फूट. या प्रमाणात जहाज ५.६ मीटर लांब, ५९ सेंटीमीटर रुंद आणि धुरांड्यांपर्यंत १.११ मीटर उंच होईल. १:४८ म्हणजे पाव इंचाला एक फूट. मूळ आराखडे फूट-इंचांत असल्यामुळे प्रत्येक माप कोष्टक न उघडता थेट पट्टीवर वाचता येते, आणि हजारो मापे घ्यायची असताना चुका टाळण्याच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे. ब्रिटिश आरमाराचे जुने नमुने सतराव्या शतकापासून याच प्रमाणात होत आले आहेत. टायटॅनिक बांधणाऱ्या हारलँड अँड वुल्फ कंपनीने स्वतः करून घेतलेला आणि लिव्हरपूलच्या मर्सीसाइड मॅरिटाइम म्युझियमच्या संग्रहातील टायटॅनिकचा नमुनाही १:४८ चाच आहे.

मी आजवर १:२०० आणि १:१५० प्रमाणातील जहाजे केली आहेत. त्या आकारात लाकूड आणि प्लास्टिक बांधणाऱ्याचे मुकाट ऐकते. साडेपाच मीटर लांबीवर मात्र साहित्याला स्वतःचे वजन असते, ते तापते, फुगते आणि वाकते. म्हणून या वहीत सजावटीपेक्षा या गोष्टींच्याच नोंदी अधिक ठेवायच्या, असे ठरवले आहे.

२३ जानेवारी २०२२

एवढे जहाज एकसंध बांधले तर ते कार्यशाळेच्या दारातून बाहेर पडणार नाही, हे उघड आहे. त्याचे तीन भाग करावे लागणार. प्रश्न होता तो सांधे कोठे घ्यायचे याचा. पहिला विचार होता तीन समान भागांचा. तो आज सोडून दिला, आणि त्याचे कारण खुद्द मूळ जहाजातच सापडले.

ऑलिंपिक आणि टायटॅनिक या दोन्ही बहीण-जहाजांच्या वरच्या बांधकामात दोन प्रसरण-सांधे होते, एक पुढच्या बाजूला आणि एक मागच्या बाजूला. लाटेवर जहाजाचा मुख्य देह थोडा वाकतो. तो ताण वरच्या हलक्या पत्र्यांवर येऊन ते फाटू नयेत, म्हणून बोट डेकपासून, म्हणजे बोटी ठेवलेल्या सर्वांत वरच्या मजल्यापासून, खाली बी डेकपर्यंत ही फट मुद्दाम ठेवलेली होती. अभियंत्यांनी जेथे जहाज हलू दिले तेथेच आपल्या प्रतिकृतीचे भाग सुटावेत, यापेक्षा प्रामाणिक जागा मला दुसरी दिसत नाही. वरचे बांधकाम तीन तुकड्यांत होईल आणि दोन्ही प्रसरण-सांध्यांवर सुटेल. खालच्या देहाचे सांधे त्यांच्याच जवळ, पण पत्र्यांच्या उभ्या जोडरेषांवर असतील. भाग असमान होतील आणि मागचा सर्वांत लांब असेल, तरी बघणाऱ्याला एकही अनोळखी रेषा दिसणार नाही.

६ मार्च २०२२

कणा म्हणून अॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप वापरले, प्रत्येक भागात दोन समांतर. त्यांवर १२ मिमी मरीन प्लायवुडच्या बरगड्या बसवल्या. पाइप नाळेपासून (जहाजाच्या पुढच्या टोकापासून) पिछाडीपर्यंत सलग दिसत असले तरी प्रत्येक सांध्यावर ते पोलादी पिना आणि १० मिमी बोल्टांनी जोडलेले आहेत. हे बोल्ट वरून, म्हणजे सुटणारे वरचे बांधकाम उचलल्यावरच हाताला लागतात.

१५ मे २०२२

आज तीन तासांच्या मोजणीत एकच गोष्ट पुनःपुन्हा सिद्ध झाली: जहाजाला बाक आला आहे.

तिन्ही भाग जोडून, पट्ट्या ठोकून आणि त्यांवर काचकापड व एपॉक्सीचा थर देऊन देह दोन आठवड्यांपूर्वी दोन घोड्यांवर, म्हणजे सुताराच्या आधाराच्या चौकटींवर, ठेवला होता. घोडे अगदी टोकांजवळ होते, कारण मधल्या भागात हात घालून काम करणे सोपे जावे एवढाच विचार तेव्हा केला. आज पिछाडीमागे एक डोळा मिटून डेकच्या कडेवरून पाहताना ती रेषा मध्यभागी किंचित पडलेली वाटली. मूळ जहाजाच्या डेकलाच नाळेकडे आणि पिछाडीकडे चढत जाणारा वक्र असतो, त्यामुळे नजरेचा भरवसा धरता येत नाही. म्हणून कण्याच्या खालून लाइनदोरी ताणली आणि दर ३० सेंटीमीटरवर वर्निअरने अंतर घेतले. मध्यभागी फरक ४ मिमी निघाला. प्रत्यक्ष जहाजावर तो १९ सेंटीमीटर झाला असता.

कारणे दोन होती. टोकांवर टेकवलेली तुळई मध्ये सर्वांत जास्त वाकते, हे एक. आणि आमच्या सांध्यांतील बोल्टांची भोके पिनांच्या मानाने सैल असल्याने प्रत्येक सांधा खालच्या बाजूला केसभर उघडला होता, हे दुसरे. सांध्याच्या तळाशी कागदाची पट्टी सरकवून पाहिली. ती विनासायास आत गेली आणि वरच्या बाजूला मात्र अडकली. सारे काही त्या पट्टीने सांगितले.

समान वजनाच्या तुळईला दोनच आधार द्यायचे असतील, तर ते दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे ०.२२ अंतरावर ठेवल्यास तिचा बाक सर्वांत कमी राहतो. लांब मोजपट्ट्या आणि प्रमाण-गज याच तत्त्वावर टेकवून ठेवतात. आमच्या जहाजासाठी हे अंतर १.२३ मीटर येते. घोडे तेथे सरकवले. पिनांची भोके भरून, पुन्हा अचूक पाडून, घट्ट पिना ठोकायच्या आहेत. प्रदर्शनातील खांबही याच दोन बिंदूंखाली येतील, अशी नोंद आताच करून ठेवतो, कारण खांबांची जागा पुढे कोणीतरी केवळ दिसण्याच्या विचाराने ठरवेल आणि ही सगळी मेहनत वाया जाईल.

२६ जून २०२२

सर्व पिना नव्या. सहा आठवड्यांनंतरचा बाक ०.५ मिमीपेक्षा कमी.

१८ सप्टेंबर २०२२

पत्रे लावण्यास प्रारंभ केला. या प्रकल्पातील मला सर्वाधिक प्रिय असलेले काम हेच आहे.

टायटॅनिकच्या देहाचे मोठे पत्रे साधारण ३० फूट लांब, ६ फूट रुंद आणि बहुतेक ठिकाणी एक इंच जाड होते. १:४८ मध्ये असा पत्रा १९० मिमी लांब, ३८ मिमी रुंद आणि अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड होतो. बाजारात ०.५ मिमी जाडीची पॉलिस्टायरीनची शीट सहज मिळते. म्हणजे पत्र्याची जाडी नुसती सुचवायची नसून ती जवळजवळ खरीच लावता येते. तिरप्या प्रकाशात पत्र्यांच्या कडांची सावली जशी मूळ छायाचित्रांत पडते, तशीच ती येथेही पडते. लहान प्रमाणात ही कड रंगाच्या थराखाली बुजते किंवा अतिशयोक्त करून दाखवावी लागते.

पत्रे एकेक सुटे लावण्यामागे आणखी एक सबळ कारण आहे. तापमान १५ अंशांनी वाढले तर ५.६ मीटर अॅल्युमिनियम सुमारे २ मिमी लांबते. तेवढीच लांब पॉलिस्टायरीनची पट्टी मात्र जवळजवळ ६ मिमी लांबेल. सलग लांब पट्ट्या चिकटवल्या असत्या तर उन्हाळ्यात त्या फुगून वर आल्या असत्या. १९० मिमी लांबीच्या एका पत्र्याच्या वाट्याला फक्त ०.२ मिमी येतात, आणि तेवढे गोंदाच्या थरात सामावते. बांधणीची मूळ पद्धत जशीच्या तशी पाळली की प्रतिकृतीचेही प्रश्न सुटतात, याचा अनुभव या जहाजावर दुसऱ्यांदा येतो आहे.

दिवसाला बारा ते पंधरा पत्रे होतात. प्रत्येकाची मागची बाजू बारीक पॉलिश पेपरने खरवडायची, कडा मोडायच्या, जागेवर कोरडा लावून पाहायचा, पेन्सिलीने क्रमांक घालायचा आणि मगच गोंद लावायचा.

२ ऑक्टोबर २०२२

नाळेजवळच्या डाव्या बाजूचे सव्वीस पत्रे आज उचकटून काढावे लागले.

एका पत्र्याचा कोपरा उचललेला दिसला म्हणून त्याखाली नख घातले, तर पूर्ण पत्रा एका झटक्यात हातात आला. त्याच्या मागे गोंद संपूर्ण होता, पण देहाच्या बाजूला गोंदाचा कणही नव्हता. तेथे बोट फिरवल्यावर मेणासारखा निसरडा थर जाणवला. एपॉक्सी दमट हवेत पिकते तेव्हा तिच्यातील अमाइन पृष्ठभागावर येऊन हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते आणि हा थर तयार होतो. तो पाण्यात विरघळतो, पण नुसते पॉलिश पेपर मारल्याने जात नाही, उलट कागदाबरोबर सगळीकडे पसरतो. मी हा भाग न धुता घासला होता. चूक सर्वस्वी माझी.

आता संपूर्ण देह कोमट पाणी आणि खरखरीत स्पंजने दोनदा धुऊन, पुसून, वाळवून आणि मगच घासून घेतला आहे. धुतलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब गोळा होऊन न राहता पसरला, म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ आहे.

१९ फेब्रुवारी २०२३

दोन्ही बाजूंचे पत्रे पूर्ण. आजचा दिवस जहाज ढकलणाऱ्या पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) निर्णयात गेला.

बाजूचे दोन्ही पंखे तीन पात्यांचे आणि २३ फूट ६ इंच व्यासाचे होते; प्रतिकृतीत ते १४९ मिमीचे होतात आणि पितळेत ओतून तयार आहेत. प्रश्न मधल्या पंख्याचा आहे. जहाजावर बसवलेल्या टायटॅनिकच्या पंख्यांचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. तिच्या नावाने सर्वत्र दाखवली जाणारी छायाचित्रे ऑलिंपिकची आहेत, आणि त्यांत मधल्या पंख्याला चार पाती दिसतात. त्यामुळे बहुतेक प्रतिकृतींना चारच पाती असतात. हारलँड अँड वुल्फच्या नोंदींत मात्र टायटॅनिकच्या मधल्या पंख्याला तीन पाती लिहिलेली आहेत. बहिणीच्या छायाचित्रापेक्षा बांधणाऱ्यांच्या लेखी नोंदीला मी अधिक वजन देतो. तीन पाती.

३० एप्रिल २०२३

वरच्या बांधकामाचे तिन्ही तुकडे जागेवर बसले. प्रत्येक तुकडा आपल्या मध्यभागी एका घट्ट पिनेने अडवलेला आहे आणि बाकीच्या सर्व पिना लांबट खाचांत सरकतात, म्हणजे प्लास्टिक दोन्ही बाजूंना मोकळेपणाने वाढू शकेल. प्लास्टिक आणि खालचा अॅल्युमिनियमचा कणा यांच्या प्रसरणातील फरक हिशोबात घेतला तर १५ अंशांच्या बदलाला प्रत्येक सांध्यातील फट साधारण ०.८ मिमी बदलेल. म्हणून २२ अंशांवर फट १.२ मिमी ठेवली आहे.

काम पाहायला आलेल्या एका अनुभवी मित्राने या फटी पुट्टीने भरून रंगवून टाकण्याचा सल्ला दिला. त्याचा हेतू चांगला होता, पण पुट्टी पहिल्या उन्हाळ्यातच तडकेल आणि तडा वेडावाकडा जाईल. त्यापेक्षा सरळ, स्वच्छ फट ठेवून तिच्यावर एकाच बाजूला चिकटवलेली बारीक पट्टी द्यावी, असे ठरले.

९ जुलै २०२३

सुट्या भागांच्या जुन्या डब्यांची आज झाडाझडती घेतली. पूर्वीच्या एका प्रकल्पासाठी शिसेमिश्रित धातूत ओतलेले नांगर आणि दोर बांधायचे खुंट लाकडी खणात आठ वर्षे पडून होते. त्यांतल्या एका नांगराच्या कडांवर पांढरी भुकटी जमली होती. ब्रशने झटकल्यावर खाली गुळगुळीत धातूऐवजी खड्डे दिसले, आणि नांगराची एक बारीक कडी बोटांत चुरली.

लाकूड, विशेषतः ओक, तसेच प्लायवुड आणि काही सिलिकॉन असिटिक आम्लाची वाफ हळूहळू सोडत राहतात. बंद पेटीत ती साठते आणि शिशाचे रूपांतर आधी असिटेटमध्ये व मग पांढऱ्या कार्बोनेटमध्ये करते. एकदा सुरू झालेली ही झीज नांगर रंगवलेला असला तरी आतून चालू राहते. संग्रहालयांतील कितीतरी जुन्या जहाजांच्या प्रतिकृतींचे बारीक भाग असेच गेले आहेत.

या जहाजावर शिसे कोठेही नसेल. नाळेवरचा मधला नांगर मुळात १५ टनांहून जड आणि १८ फूट ६ इंच लांब होता. ११७ मिमी लांबीची त्याची प्रत पितळेत केली. उरलेले भाग पितळ किंवा रेझिनमध्ये होतील. आमच्या देहातही प्लायवुड आहे. त्याला सर्व बाजूंनी एपॉक्सीने बंद केले आहे, पण याचा परिणाम पेटीत मोजल्याशिवाय मी खात्री धरणार नाही.

८ ऑक्टोबर २०२३

चारही धुरांडी उभी राहिली. त्यांचा छेद लंबगोल आहे, २४ फूट ६ इंच बाय १९ फूट, म्हणजे १५६ बाय १२१ मिमी. आणि दर फूट उंचीला दोन इंच या हिशोबाने ती मागे कलतात. चारांचा कल अंशभरही वेगळा झाला तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. म्हणून एकच लाकडी त्रिकोणी साचा करून चारही धुरांडी त्याला टेकवून चिकटवली.

रंगासाठी आठ पट्ट्या रंगवल्या आहेत. टायटॅनिकचे मूळ रंगीत छायाचित्र नाही. टायटॅनिकच्या मालक व्हाइट स्टार कंपनीचा पिवळसर बदामी रंग वर्णनांवरून आणि नंतरच्या जहाजांवरून ठरवावा लागतो. आज पट्ट्यांनी एक वेगळीच गोष्ट शिकवली. कार्यशाळेच्या पांढऱ्या नळीखाली जी पट्टी योग्य वाटत होती, ती प्रदर्शनासाठी घेतलेल्या ३००० केल्विनच्या दिव्याखाली नारिंगी दिसू लागली. यापुढे सर्व रंग त्याच दिव्यांखाली, दोन मीटर दूर उभे राहून ठरवायचे. देहाच्या काळ्या रंगातही थोडा पांढरा मिसळला आहे, कारण एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर शुद्ध काळा रंग पत्र्यांच्या कडा गिळून टाकतो.

१४ जानेवारी २०२४

डोलकाठ्यांचे दोर आणि बिनतारी यंत्रणेच्या तारा. सुती दोरा दमट हवेत ताठ आणि कोरड्या हवेत सैल होतो, म्हणून सर्वत्र पीळ दिलेली बारीक तांब्याची आणि स्टेनलेस पोलादाची तार वापरली.

१० मार्च २०२४

पेटी. या विषयावर मी वर्षभर टाचणे जमवत होतो, आणि माझे स्पष्ट मत आहे की मोठ्या प्रतिकृतीची पेटी शेवटी उरलेल्या वेळात करण्याची गोष्ट नव्हे.

पेटीची आतली लांबी ६.२ मीटर. डोलकाठ्या कण्यापासून दीड मीटरच्या आसपास जात असल्याने आतली उंची १.७५ मीटर घ्यावी लागली. अॅक्रिलिक वजनाला काचेच्या निम्मे असले तरी एवढ्या लांबीवर त्यालाही बाक येतो, पुसताना त्यावर ओरखडे पडतात आणि स्थिर विजेमुळे ते धूळ ओढून घेते. म्हणून पापुद्र्याची सुरक्षित काच घेतली, लांब बाजूला पाच तावदाने, प्रत्येक सुमारे ५५ किलोचे. तावदानांच्या उभ्या जोडरेषा धुरांड्यांसमोर येऊ नयेत म्हणून त्यांच्या रुंदीत थोडा फरक ठेवला आहे. मागच्या बाजूचे एक तावदान बिजागरीवर उघडते. त्यातून आत हात पोहोचला नाही, तर पुढच्या पिढीला जहाज स्वच्छच करता येणार नाही.

पेटीत लाकूड अजिबात नाही. तळ पावडर-कोटिंग केलेल्या अॅल्युमिनियमचा असून सांध्यांना असिटिक आम्ल न सोडणारे न्यूट्रल सिलिकॉन वापरले आहे. दिवे पेटीच्या छताबाहेर आहेत आणि त्यांचे ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारे डबे) त्याहूनही दूर, म्हणजे उष्णता आत साठणार नाही. देहाखालचे दोन खांब टोकांपासून १.२३ मीटरवरच आहेत. एकदा ते "आणखी थोडे बाहेर घेतले तर डौलदार दिसतील" अशी सूचना आली, तेव्हा मी १५ मे २०२२ ची नोंद पुढे केली.

कणा जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर ठेवल्याने बोट डेक सुमारे १.३५ मीटर उंचीवर येतो. उभ्या मोठ्या माणसाला डेकवरून किंचित खाली पाहता येईल, आणि मुलांची नजर थेट बोटींच्या रांगेला समांतर राहील. मला स्वतःला हे दुसरे दृश्य अधिक सुंदर वाटते.

२१ एप्रिल २०२४

जहाज हलवले. तिन्ही भाग आपापल्या चौकटीत, खाली फोम, आणि चौकट देहाला फक्त कण्याच्या पाइपांवर पकडते; पत्र्यांना कोठेही स्पर्श नाही. जागेवर जोडायला सहा तास लागले. पुढच्या सांध्याच्या पिना लगेच बसल्या, पण मागचा सांधा दीड मिलिमीटर मागे राहिला. जोर न लावता सगळे थांबवले आणि शोधले, तेव्हा पाइपाच्या तोंडात अडकलेला फोमचा चिमुकला तुकडा सापडला. तो काढल्यावर सांधा हाताच्या दाबाने मिटला. पत्र्यांची जोडरेषा आता अंगठ्याच्या नखालाही लागत नाही.

लाइनदोरीचे वाचन: बाक ०.४ मिमी.

२ जून २०२४

सहा आठवड्यांची वाचने. पेटीतील दोन्ही ए-डी पट्ट्या (हवेतील आम्ल रंग बदलून दाखवणाऱ्या) अजून निळ्या आहेत. असिटिक आम्लाची वाफ असती तर त्या हिरव्या आणि मग पिवळ्या पडल्या असत्या. त्या दर तिमाहीला बदलायच्या. धूळ: डेकवर नाही, पेटीच्या उघडणाऱ्या तावदानाच्या खालच्या कडेवर बारीक रेषा, तेथील पट्टी बदलावी लागेल.

सकाळी दिवे लावण्यापूर्वी पेटीत २२ अंश होते आणि फीलर गेजने मोजलेली पुढच्या प्रसरण-सांध्याची फट १.२ मिमी भरली. संध्याकाळी दिवे दहा तास चालल्यावर तापमान २६ अंश आणि फट १.० मिमी झाली. मागच्या सांध्यातही तेवढाच फरक. वरची झाकणपट्टी आपल्या मोकळ्या कडेवर सरकली आहे आणि तिच्याखालचा रंग कोठेही तडकलेला नाही.